एक जून

गुरुवार, रात्री

आठवीच्या इतिहासाचा पहिलाच धडा साधनांचा. भौतिक, लिखित, मौखिक. दरवर्षी दोन तासांत उरकतो. यंदा म्हटलं, मौखिक साधन घरातूनच आणू द्या. "आजी-आजोबांना ७२ च्या दुष्काळाचं विचारून या." लगेच मागच्या बाकावरून नेहमीचा प्रश्न : "सर, हे परीक्षेला येणार का?" नाही म्हटल्यावर निम्म्यांनी वही मिटली.

तरी आज अकरा जण लिहून घेऊन आले. बहुतेकांच्या वहीत दुष्काळी कामावर फोडलेली खडी होती. पाझर तलाव, रस्ते, डोक्यावरच्या पाट्या, कामावर खायला मिळायची ती सुकडी. मिलोवरून तर भांडणच लागलं. अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी एकीच्या आजीला कडू लागायची, दुसरीच्या आजीला बरी लागायची. "सर, कोणाची आजी खोटं बोलते?" मी म्हटलं, पोटात किती दिवसांची भूक होती तेही विचारून या. (रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, कामं मात्र त्याआधीचीच, हे मी फळ्यावर लिहिलं. कोणी उतरवून घेतलं नाही.)

खरी गंमत पुढे झाली. एका पोराची आजी म्हणाली होती, "खडी फोडायला जायचे तवा तुझा थोरला काका पोटात होता." पोरगा हुशार. त्यानं काकाचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिला, तर जन्म १ जून १९७२. म्हणजे पाऊस दगा द्यायच्या आधीच काका जन्मलेला! आजीचं चुकलं, लिखित पुरावा आहे, असं त्यानं छातीठोकपणे जाहीर केलं. वर्गही त्याच्याच बाजूनं.

मी काही बोललो नाही. ऑफिसातून जुनं जनरल रजिस्टर आणलं. पानं पिवळी, कडा वाळवीनं कुरतडलेल्या. काकाचं पान काढून म्हटलं, जन्मतारखेचा रकाना वरून खाली वाचा. १ जून, १ जून, ३ मार्च, १ जून, १ जून... सातव्या-आठव्या नावाला वर्ग खिदळायला लागला. एवढी पोरं एकाच दिवशी?

मग सांगितलं. तेव्हा घरी तारीख कोण लिहून ठेवणार? शाळा जूनमध्ये भरायची. गुरुजी पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगा सहा वर्षांचा, लिही १ जून. लांब हाताचं पोर वर्षभर आधीच शाळेत. त्या पोराचा काका अजूनही उंच आहे म्हणे.

"म्हणजे सर, आजीचं खरं आणि शाळेचं खोटं?"

याचं उत्तर पुस्तकात नाही, आणि रजिस्टरवरची सही आमच्याच जातकुळीतल्या माणसाची. म्हटलं, आजीला अजून दोन गोष्टी विचार : काका झाला तेव्हा पाऊस सुरू झाला होता का, आणि शेतात काय होतं.

घंटा झाली. रजिस्टर परत ठेवायला निघालो तर पहिल्या बाकावरची एक मुलगी मागोमाग आली.

"सर, तुमचा वाढदिवस कधी असतो?"

आई म्हणते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आधार कार्डावर १ जून आहे.