तुम्ही विचारलंत म्हणून: एचआरनं टॉवेल जास्त निघतात का?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी एचआर, म्हणजे कामगारांचं कामकाज बघतो. हा प्रश्न मला कितीजणांनी विचारला असेल! लूम, म्हणजे माग, ठरलेल्या वेगानं चालतो, मग कामगाराच्या मनाचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे. कामगाराचं मन उडालं तरी टॉवेल तेवढेच निघतात, पण सेकंडचा, म्हणजे सदोष मालाचा, ढीग वाढतो.

तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कट, हा नियम मीच आणला. हजेरी सुधारली. शिफ्ट वेळेवर सुरू व्हायलाच हवी, हे मी आजही म्हणतो.

चेकिंगला एक अक्का होत्या. लूप ओढलेला किंवा ताण्याचा (उभा) धागा तुटलेला दिसला की टॉवेल घेऊन थेट लूमवर जायच्या. ‘बघ रे, इथं सुटतंय.’ त्यांच्या नीलमनगरात पाणी काही दिवसांआड सुटतं, तेही कधी येईल याचा नेम नाही. पाणी भरून यायला दहा-पंधरा मिनिटं उशीर व्हायचा. तीनदा झाला. मी कट लावला.

पुढच्या महिन्यात एका लूमचा माल दोन दिवस सलग खराब निघाला. मी चेकिंगला जाऊन ओरडलो, ‘अक्का, दिसलं नाही का?’

‘दिसलं की ओ सर. सेकंडात टाकलं की.’

‘मग लूमवर का नाही सांगितलं?’

‘ते माझं काम हाय का?’

रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं विचारलं त्यांनी, आणि पुढचा टॉवेल उचलला. ते त्यांचं काम नव्हतंच. नेमणूकपत्रात फक्त चेकिंग लिहिलं होतं. इतकी वर्षं त्या जे आपणहून करत होत्या, ते माझ्या कुठल्याच रजिस्टरात नव्हतं.

आणखी एक कबूल करतो. गैरहजेरी जेवढ्या वेळाची, तेवढाच पगार कापता येतो, असं तेव्हा लागू असलेल्या 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमात स्पष्ट होतं. एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला) असताना हे लिहून मी मार्क मिळवले होते. दहा मिनिटांसाठी अर्धा दिवस कापताना ते आठवलं नाही. की आठवूनही मालकांना आकडा दाखवायची घाई होती? मला अजून ठरवता येत नाही.

पैसे परत दिले. आता पाण्याच्या दिवशी अर्धा तास सवलत आहे, तो वेळ संध्याकाळी भरून द्यायचा. अक्का वेळेवर येतात, काम चोख करतात. लूमवर मात्र जात नाहीत.

ज्या महिन्यात त्यांचा पगार कापला, त्याच महिन्यात मी कामगार कामावर किती समाधानी आहेत, हे विचारणारा फॉर्म वाटला होता. अक्कांनीही ‘पूर्ण समाधानी’वर खूण केली होती, आणि मी ती रिपोर्टात अभिमानानं मोजली होती. यंदाचे फॉर्म छापून आलेत. अजून वाटलेले नाहीत.