बाबांच्या लॅपटॉपसाठी विंडो मॅनेजर

शनिवार, रात्री साडेअकरा

आज दिवसभर बाबांचा जुना लॅपटॉप घेऊन बसले होते. 2009 चा, कोअर टू ड्युओ, 2 जीबी रॅम. सोसायटीची पत्रं आणि महिन्याचा हिशोब, एवढंच त्यांचं काम. पण लिबरऑफिस उघडेपर्यंत हातातला चहा निवायचा. त्याचा कीबोर्ड माझ्या नव्या लॅपटॉपपेक्षा सरस आहे, भंगारात द्यायला मन धजेना.

डेबियन लिनक्स टाकलं, ग्नोमसारखा जड डेस्कटॉप न घेता. त्याऐवजी नुसता विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा छोटा प्रोग्राम. मी स्वतः रोज आयथ्री नावाचा विंडो मॅनेजर वापरते, म्हणून आधी तोच बसवला. बाबांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "अगं, ही खिडकी खाली पाठवायचं बटण कुठंय?" आयथ्रीत ते नसतंच. पंचवीस वर्षांची त्यांची सवय माझ्या आवडीपायी मोडायची, हे मला पटेना.

मग दुसरा विंडो मॅनेजर, ओपनबॉक्स. देखणा आणि चपळ. पण त्याला स्वतःची टास्कबारची पट्टी नाही, त्यासाठी टिंट२ हा वेगळा प्रोग्राम, वॉलपेपरसाठी आणखी एक. मी पुण्यात असताना यातलं एक जरी बंद पडलं तरी बाबा अडून बसणार.

शेवटी आइसडब्ल्यूएम. 1997 पासून चालत आलेला. टास्कबार, मेनू, घड्याळ सगळं त्याच्याच पोटात. मेमरी मोजून पाहिली तर ओपनबॉक्समध्ये आणि यात फरक मोजक्या एमबींचा. ब्राउझरचा एक टॅब उघडला की दोघांची बचत एका घासात संपते. त्यामुळे सर्वांत हलका कोण, या वादात मी फार पडले नाही.

खरा वेळ गेला मराठीत. 'पाणीपट्टी' नावाची फाइल उघडली तर वरच्या पट्टीत वेलांटीचा माथाच छाटलेला! थीमच्या फाइलीला हात लावला नाही. आइसडब्ल्यूएमच्या फोल्डरमध्ये प्रेफओव्हरराइड नावाची फाइल करून त्यात लोहित देवनागरी फाँट आणि पट्टीची वाढीव उंची लिहिली. ही फाइल थीमवर मात करते, त्यामुळे थीम बदलली तरी आपलं म्हणणं टिकतं. वेलांटी पूर्ण दिसली तेव्हा मला फार बरं वाटलं.

कीबोर्डसाठी स्टार्टअप फाइलीत सेटएक्सकेबीमॅप या कीबोर्डची मांडणी ठरवणाऱ्या आज्ञेची एक ओळ टाकली, मराठीची कागप नावाची मांडणी. तरी लॉगिन केल्यावर इंग्रजीच. अर्धा तास शोधत होते. फाइलीला चालवण्याची परवानगीच दिली नव्हती. chmod या आज्ञेने ती दिली आणि लागलं.

संध्याकाळी बाबा बसले. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' इथपर्यंत न थांबता टाइप केलं, मग खाली बोट दाखवून म्हणाले, "एवढं घड्याळ मोठं करून दे."

करून दिलंय. आतून कळांचा आवाज अजून येतोय.