तुम्ही विचारलंत म्हणून : तीन वर्षे झाली की एमडी रेडिओलॉजीच्या (एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय यांवरून निदान करण्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) परीक्षेला बसता येते का?

हा प्रश्न मला दरवर्षी नव्या निवासी डॉक्टरांकडून येतो, आणि अधूनमधून त्यांच्या आईवडिलांकडूनही. नुसती तीन वर्षे भरून परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही. ही गोष्ट तिसऱ्या वर्षी कळली तर फार उशीर झालेला असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

हजेरी किमान 80 टक्के लागते. आजारपण किंवा बाळंतपण यांमुळे मंजूर रजेपेक्षा जास्त दिवस गेले, तर तेवढे दिवस टर्म पुढे जाते, आणि त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखे काहीही नाही. संशोधनपद्धती, नीतिशास्त्र आणि जीवरक्षक उपचार यांचे अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी पूर्ण करायचे असतात.

खरी अडचण थिसिसची, म्हणजे संशोधन प्रबंधाची. तो परीक्षेच्या सहा महिने आधी सादर करावा लागतो, म्हणजे हाताशी जेमतेम अडीच वर्षे उरतात आणि त्यातलेही बरेच महिने विषयाची मंजुरी आणि एथिक्स कमिटी (संशोधनाला नैतिक मान्यता देणारी समिती) यांत जातात. माझ्या एका विद्यार्थिनीने फारसा न आढळणारा विकार हौसेने निवडला होता. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या सुरुवातीच्या आराखड्यात, तिने 50 रुग्ण लिहिले होते. दीड वर्षाने तिच्या वहीत 11 जणांची नोंद होती, आणि त्यांपैकी चौघांच्या शस्त्रक्रियेतील निष्कर्ष मिळवण्यासाठी ती दुपारची ड्यूटी संपवून रेकॉर्ड रूममध्ये केसपेपरचे गठ्ठे उपसत बसे. शेवटी विषयाची व्याप्ती वाढवण्यासाठी कमिटीकडे पुन्हा अर्ज करावा लागला. ती कामाला कुठेच कमी पडली नव्हती. विषय ठरवताना तिला थांबवायला हवे होते, आणि ते काम गाईड, म्हणजे मार्गदर्शक, म्हणून माझे होते.

दुसरी अट जिल्हा निवासी कार्यक्रमाची. 2021 च्या प्रवेशापासून तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सहामाही सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते, आणि ते समाधानकारक पूर्ण झाल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. पुष्कळांना हे तीन महिने वाया गेल्यासारखे वाटतात. मला तसे वाटत नाही, कारण शेजारी सिनिअर नसताना पोटदुखीच्या रुग्णाची सोनोग्राफी करून रिपोर्टखाली स्वतःची सही करणे तिथेच अंगवळणी पडते. मात्र आपल्या शाखेची एक बाब आधी पाहावी लागते: प्रसूतिपूर्व निदानाच्या (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) 1994 च्या कायद्यानुसार नोंदणीकृत केंद्रात सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरचे नाव समुचित प्राधिकाऱ्याला, म्हणजे त्या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवावे लागते. हा पत्रव्यवहार रुजू होण्याआधीच सुरू करावा.

एमडीऐवजी डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पात्रता) करणाऱ्यांनाही थिसिस आहेच, आणि तिथे लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच प्रात्यक्षिक देता येते. रेडिओलॉजीतली दोन वर्षांची डीएमआरडी पदविका केलेल्यांना पुढे दोन वर्षांची डीएनबी करता येते.

आता नुकताच प्रवेश घेतला असेल, तर विषय ठरवण्याआधी एक दिवस विभागातले एमआरआय आणि सीटीचे रजिस्टर घेऊन बसा आणि मागच्या वर्षी त्या आजाराचे किती रुग्ण आले ते स्वतः मोजा. तो आकडा कागदावर लिहून मगच गाईडच्या केबिनमध्ये जा.