सोने चुंबकाला चिकटत नाही, म्हणूनच

सोने चुंबकाला चिकटत नाही हे शाळकरी मूलही सांगेल. मग नदीच्या वाळूतून सोने काढणारी माणसे खिशात चुंबक कशाला बाळगतात? काळबादेवीत सोने गाळण्याच्या आणि कस पाहण्याच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेल्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो आणि लोकलमध्येही. तुम्हीही विचारलेत, म्हणून यावेळी सविस्तर उत्तर देतो.

चुंबक सोने शोधून देत नाही. तो सोन्याभोवतीची गर्दी हटवतो, आणि ही गर्दी कोणाची हे कळले की पुढचे सगळे आपोआप उलगडते. झारखंडमध्ये सुवर्णरेखेच्या काठी किंवा केरळात निलंबूरजवळ चालियार नदीवर वाळू पाण्यात घोळून सोन्याचे कण वेगळे करण्याची जुनी रीत आहे. साधी पांढरी वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झ. त्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तो पाण्याच्या किती पट जड हे, सुमारे 2.65, त्यामुळे ती घोळताना पाण्याबरोबर सहज निघून जाते. सोन्याचे 19.3 असल्याने ते तळाशी बसते. मात्र त्याच तळाशी काळी वाळूही बसते, आणि तिच्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे गुरुत्व 5.2 च्या आसपास असते. सोन्याचा कण गव्हाच्या दाण्याएवढा असता तर काहीच अडचण नव्हती. तो बोटाने उचलता आला असता. पण 100 मेशच्या चाळणीतून, म्हणजे साधारण 0.15 मिलिमीटरच्या छिद्रातून, खाली पडणारा सोन्याचा कण बहुधा चपटा असतो, पाण्याच्या हेलकाव्यावर उचलला जातो, कधी कधी तर पाण्याच्या पृष्ठताणामुळे वरच तरंगतो. (त्यासाठी भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाकतात, उपाय फुकटात पडतो आणि उपयोगी आहे.) काळी वाळू घालवण्यासाठी परात आणखी घोळत राहिले की तिच्याआधी हे बारीक सोनेच निसटते. इथे पाण्याचे काम संपते आणि चुंबकाचे सुरू होते, कारण मॅग्नेटाइट चुंबकाकडे जोराने ओढले जाते आणि सोने जवळपास उदासीन राहते. काटेकोरपणे बोलायचे तर चुंबक त्याला अगदी किंचित दूरच लोटतो.

पद्धत ऐकायला सोपी आहे, हात मात्र बसवावा लागतो. उरलेला काळा गाळ पूर्ण वाळवावा, कारण ओले कण एकमेकांना चिकटून सोनेही बरोबर नेतात. मग तो चाळून जाड आणि बारीक असे वेगळे भाग करावेत आणि एकेक भाग गुळगुळीत कागदावर अगदी पातळ पसरावा. चुंबक उघडा कधीच लावू नये. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, म्हणजे काम झाल्यावर चुंबक पिशवीतून मागे ओढला की काळे कण आपोआप खाली पडतात. चुंबक गाळावर टेकवायचा नाही, बोटभर उंचीवरून सावकाश खाली आणत जायचे. एका ठरावीक अंतरावर काळे कण उड्या मारून पिशवीला लागतात आणि त्यांचे काटे उभे राहतात. या काट्यांच्या दाटीत सोन्याचे कण अडकतात, आणि नवख्या माणसाचे नुकसान नेमके इथे होते: तो पहिल्याच फेरीत उचललेला ढीग फेकून देतो. तो ढीग दुसऱ्या कागदावर सोडून, पुन्हा पसरून, पुन्हा चुंबक फिरवायचा, आणि काळ्यात पिवळे दिसेनासे होईपर्यंत हेच करत राहायचे. तरीही ढीग टाकण्याआधी भिंगाखाली पाहावा, कारण लोहाच्या ऑक्साइडचा थर चढलेला सोन्याचा कणही चुंबकाबरोबर जाऊ शकतो.

जितका जोरदार चुंबक तितके चांगले, हा समज माझ्या मते इथे नडतो. निओडायमियमचा चुंबक सगळा ढीग एकदम ओढतो आणि त्या धांदलीत सोने आत दाबले जाते. चोरबाजारात जुन्या स्पीकरमधले वर्तुळाकार फेराइट चुंबक मिळतात. पहिल्या फेऱ्यांसाठी मी तेच सुचवतो. काळ्या वाळूतलीच हेमॅटाइट आणि इल्मेनाइट ही खनिजे मात्र हातातल्या साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाहीत. ती सोन्याबरोबरच उरतात आणि त्यांच्यासाठी थोड्या पाण्यात पुन्हा घोळण्याला पर्याय नाही. फक्त आता गाळ मूठभर उरलेला असल्याने ते काम आवाक्यातले असते. इथे कंटाळून पाऱ्याची वाट धरणारे, म्हणजे पाऱ्यात सोने पकडून मग पारा तापवून उडवणारे, असतात. पाऱ्याची वाफ माणसाला आणि नदीला काय करते हे ठाऊक असल्यामुळेच 2013 मध्ये पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता हा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या वाटेबद्दल मला कोणी विचारूच नये.

आमच्या झवेरी बाजारात हेच तत्त्व रोज वापरले जाते, फक्त नदीची जागा कारागिराच्या टेबलाखालचा ट्रे घेतो. कानशीने निघालेल्या सोन्याच्या चुऱ्यात कानशीचे आणि करवतीच्या पात्याचे लोखंडी कण मिसळलेले असतात, आणि ते मुशीत गेले तर सोने घडवताना त्रास देते. म्हणून चुरा गाळण्याआधी त्यावरून चुंबक फिरतो. दुकानांपुढची धूळ आणि गटारातला गाळ धुणारे झारेकरीही पाण्याइतकाच चुंबकावर विसंबतात, कारण शहराच्या धुळीत लोखंडाला तोटा नसतो. पितळेचा कीस मात्र चुंबकाला जुमानत नाही. त्याला आम्लच लागते.

आता तुमच्या पत्रातला दुसरा प्रश्न: जुहूच्या किनाऱ्यावर मुलाने चुंबक फिरवला, भरपूर काळी वाळू चिकटली, तर तिथे सोने असेल का? काळी वाळू म्हणजे सोन्याची खूण, हे अर्धेच खरे आहे. सोन्याबरोबर काळी वाळू सापडते. काळ्या वाळूबरोबर सोने असेलच असे नाही, कारण वरच्या खडकातच ते नसेल तर पाणी आणणार कुठून? मुंबईचा खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट आहे. त्यात मॅग्नेटाइट मुबलक असते, खडक झिजला की ते सुटे होते आणि लाटा त्याचे काळे पट्टे करून ठेवतात. मुलाच्या चुंबकाला लागले ते हेच. शाळेच्या प्रयोगासाठी काडेपेटीभर घरी आणले असेल तर राहू द्या, पण परात विकत घेऊ नका.