बोकास्तेलची रेड, बोकास्तेलची व्हाइट आणि पुढ्यातले ताट

फ्रान्सच्या दक्षिणेकडे, आविन्यों शहराच्या उत्तरेला थोड्या अंतरावर, शातोनफ-द्यु-पाप हा वाइनचा प्रसिद्ध प्रदेश आहे आणि त्याच्या उत्तर टोकाला, कूर्तेझों गावाच्या हद्दीत, शातो द बोकास्तेल ही वायनरी आहे. या भागाची ख्याती रेड वाइनसाठी आहे. व्हाइट वाइन एकूण उत्पादनाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी बनते आणि रोझेला, म्हणजे गुलाबी वाइनला, तर इथल्या नियमांत जागाच नाही. त्यामुळे जेवणाबरोबर काय घ्यावे असा प्रश्न निघाला की मटणाबरोबर रेड, माशांबरोबर व्हाइट, एवढ्यावर विषय आटोपला जातो. बोकास्तेलच्या बाबतीत हे उत्तर अपुरे आहे, असे माझे मत आहे. या वायनरीच्या दोन्ही वाइन वर्षानुवर्षे मुरणाऱ्या आहेत आणि ताटात काय असावे हे वाइनच्या रंगापेक्षा तिच्या वयावरून ठरवणे अधिक शहाणपणाचे असते.

प्रदेशाच्या नावात पोप (फ्रेंचमध्ये ‘पाप’) कसे आले, ते थोडक्यात सांगतो. १३०९ ते १३७७ या काळात पोपचे आसन आविन्योंला होते आणि बाविसावे जॉन या पोपनी उन्हाळ्यात राहण्यासाठी इथल्या टेकडीवर किल्ला बांधवला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, जर्मन सैन्याने त्याचा बुरूज सुरुंगाने उडवला आणि आज तिथे अर्धवट उरलेल्या भिंती तेवढ्या दिसतात. जेवणाशी ज्याचा खरा संबंध आहे, तो इतिहास मात्र अलीकडचा आहे. १९२३ साली बारों ल रुआ या जमीनदाराच्या पुढाकाराने इथल्या बागाइतदारांनी स्वतःवर नियम घालून घेतले. त्यांपैकी एका नियमाप्रमाणे ज्या हलक्या, कोरड्या जमिनीत लॅव्हेंडर आणि थाइम ही दोन्ही झुडपे उगवतात, तीच जमीन या वाइनसाठी योग्य मानायची, असे ठरले. माती तपासण्याची इतकी सुगंधी रीत मला दुसरीकडे आढळलेली नाही. १९३६ मध्ये या नियमांना सरकारी मान्यता मिळाली. द्राक्षे हातानेच तोडावी लागतात आणि एकरी उतारा मुद्दाम कमी ठेवावा लागतो. नियम करण्याची सवय शातोनफ-द्यु-पाप या गावाला एवढी जडली, की १९५४ साली नगराध्यक्षांनी उडत्या तबकड्यांनाही गावाच्या हद्दीत उतरण्यास मनाई करणारा हुकूम काढला!

बोकास्तेल हे घराण्याचे नाव आहे. १५४९ साली पिएर द बोकास्तेल यांनी इथे एक कोठार आणि त्याला लागून असलेली जमीन विकत घेतल्याची नोंद सापडते. सध्याच्या मालकीची कथा १९०९ पासून सुरू होते. त्या वर्षी पिएर त्रामिए यांनी ही मालमत्ता घेतली, त्यांच्यानंतर ती जावई पिएर पेरँ यांच्याकडे आली आणि तेव्हापासून ती पेरँ कुटुंबातच आहे. या वाइनला आजचे रूप दिले ते पुढच्या पिढीतल्या झाक पेरँ यांनी. १९५० च्या सुमारास, रासायनिक खतांचे आणि फवारण्यांचे कौतुक ऐन भरात असताना, त्यांनी आपली शेती सेंद्रिय केली. आंबवण्याआधी द्राक्षांची साले अगदी थोडा वेळ ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची आणि लगेच २० अंशांपर्यंत थंड करायची, ही पद्धतही त्यांनीच रुजवली. त्यामुळे रस काळवंडवणारी विकरे निष्क्रिय होतात, सालीतला रंग व सुगंध मोकळा होतो आणि टिकवण्यासाठी गंधक कमी वापरावे लागते.

झाक पेरँ यांचा तिसरा आग्रह चवीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरला. पारंपरिक नियमांत ज्या १३ जातींच्या द्राक्षांना परवानगी होती, त्या सगळ्या बोकास्तेलमध्ये लावल्या जातात. शेजारपाजारचे बहुतेक उत्पादक ग्रेनाशवर भिस्त ठेवतात, कारण ती जात उन्हात सहज पिकते, गोडसर फळांची चव देते आणि लोकांना चटकन आवडते. बोकास्तेलच्या रेड वाइनमध्ये मात्र मूर्वेद्र या उशिरा पिकणाऱ्या, जाड सालीच्या, काहीशा रांगड्या जातीचा वाटा साधारण ३० टक्के, म्हणजे ग्रेनाशच्या बरोबरीने असतो. ग्रेनाशला हवा लागली की ती लवकर उतरते, तर मूर्वेद्र हवेला दाद देत नाही. दोघी एकमेकींना सावरून घेतात आणि वाइन वीस-वीस वर्षे टिकते. सिरा, कुन्वाज, सँसो वगैरे मंडळी उरलेली जागा भरून काढतात. प्रत्येक जात वेगळी आंबवून नंतरच मिश्रण करतात आणि ते ओकच्या मोठमोठ्या पिंपांमध्ये सुमारे वर्षभर ठेवतात.

बागेत पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा माती दिसतच नाही, दिसतात ते गोटे. नारळाएवढे, काही त्याहूनही मोठे, तांबूस-पिवळट आणि पूर्ण गुळगुळीत. फार प्राचीन काळी रोन नदीने ते आल्प्स पर्वताकडून वाहून आणले आणि घासून गोल केले. वेलींची बुटकी खोडे या गोट्यांतूनच वर आलेली असतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्यांतल्या एखाद्या गोट्यावर तळहात ठेवला, तर तो चांगला उबदार लागतो आणि उलटून पाहिला तर त्याच्या पोटाखालची माती ओलसर असते. दिवसाची उष्णता रात्री वेलीला मिळते आणि जमिनीतली ओल उडून जात नाही, असा दुहेरी फायदा त्यात आहे. वरून उत्तरेकडचा मिस्त्राल वारा इतका जोराचा असतो, की पावसानंतर घड काही तासांत सुकतात आणि बुरशीला फारसा वाव राहत नाही. हा वारा नसता, तर सेंद्रिय शेतीचा आग्रह इतका सुखाचा झाला असता का, याची मला शंका आहे.

आता जेवणाकडे वळतो. चार-पाच वर्षांची रेड वाइन पिताना आधी तुरटपणा जाणवतो, मग काळी बोरे, मिरी आणि कातड्यासारखा गंध. या वयात तिला चरबी आणि प्रथिने असलेला पदार्थ लागतो, कारण टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणारे तुरट द्रव्य, त्यांना चिकटते आणि जिभेवरचा खरखरीतपणा उतरतो. प्रोव्हाँस प्रांतातला नेहमीचा जोडीदार म्हणजे थाइम आणि रोझमेरी चोळून भाजलेली कोकराची मांडी. ज्या झुडपांवरून वाइनची जमीन ठरवली, तीच झुडपे मांसाला लावायची, यातच या जोडीचे रहस्य आहे. दुसरा जोडीदार दोब हा आहे. बैलाच्या किंवा मेंढ्याच्या मांसाचे जाडसर तुकडे रात्रभर वाइन, कांदा, लवंग, तमालपत्र आणि संत्र्याच्या सालीत मुरवतात आणि दुसऱ्या दिवशी मातीच्या पोटफुगीर भांड्यात मंद आचेवर कित्येक तास शिजवतात. या भांड्याचे जुन्या पद्धतीचे झाकण खोलगट असते आणि त्यात पाणी ओततात, म्हणजे आतली वाफ झाकणाला लागून निवते आणि रस पुन्हा मांसावर ठिबकत राहतो. संत्र्याच्या सालीचा तो किंचित कडवट वास कोवळ्या मूर्वेद्रशी जसा जुळतो, तसा दुसरा कोणताही जुळत नाही, असे मी अनुभवावरून म्हणेन.

पंधरा वर्षांनंतर हीच वाइन जवळजवळ वेगळी व्यक्ती होते. टॅनिन विरघळल्यासारखे वाटते, फळे मागे सरतात आणि ओल्या पानांचा, अळंब्यांचा, सुकलेल्या मांसाचा गंध पुढे येतो. तिच्यासमोर दोब ठेवला तर दोबच जिंकतो. मुरलेल्या रेडला साधे, कमी मसाल्याचे पण खोल वासाचे पदार्थ हवेत, उदाहरणार्थ भाजलेले तितर, रानटी अळंबी किंवा काळी ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुगंधी अळंबी. बोकास्तेल ज्या व्होक्लूझ जिल्ह्यात येते, तो ट्रफलचाच जिल्हा आहे आणि हिवाळ्यात कार्पाँत्रास व रिशराँश इथे ट्रफलचे बाजार भरतात. तिथले जाणकार आधी अंडी आणि ट्रफल एकाच बंद बरणीत एक-दोन दिवस ठेवतात. कवच सच्छिद्र असल्याने वास अंड्याच्या आतपर्यंत उतरतो आणि मग त्या अंड्यांची लोण्यात, अगदी मंद आचेवर, सतत ढवळत मऊ भुर्जी करतात. मांस न खाणाऱ्यांसाठी आविन्योंचा पापतों हा वांग्याचा वाफवलेला प्रकारही मुरलेल्या रेडबरोबर चांगला लागतो, फक्त त्यावरचा टोमॅटोचा रस बेताचा असावा.

माझा खरा जीव अडकला आहे तो इथल्या व्हाइट वाइनमध्ये. नेहमीच्या व्हाइटमध्ये सुमारे ८० टक्के रूसान ही जात असते. त्याशिवाय जुन्या वेलींच्या निव्वळ रूसानची एक वेगळी बाटली निघते आणि ती फार थोडी बनते. रूसान पिकवायला कटकटीची, उत्पन्नाला बेभरवशाची, आंबटपणाला कमी. तरीही ती दीर्घकाळ टिकते, हे कोडे चाखल्याशिवाय पटत नाही. तरुणपणी तिला जर्दाळू, पांढरी फुले आणि ताज्या बदामाचा वास असतो. त्यानंतर काही वर्षे ती अशी मिटून जाते, की या काळात बाटली उघडणाऱ्याला आपले पैसे वाया गेले असेच वाटावे. म्हणून एकतर पहिल्या तीन-चार वर्षांत प्यावी, नाहीतर बारा-पंधरा वर्षे थांबावे. थांबलेल्या बाटलीतून जी वाइन पेल्यात उतरते, ती जुन्या सोन्याच्या रंगाची असते. प्रथम मेण आणि मध, मग अक्रोड आणि भाजलेल्या पावाचा गंध, आणि घोट संपल्यावर एक सुखद कडसर चव बराच वेळ रेंगाळते. चाखायला ती अजिबात गोड नसते.

तरुण व्हाइटसाठी बूरीद हा भूमध्य किनाऱ्याचा माशांचा रस्सा उत्तम. पांढऱ्या, घट्ट माशाच्या पाण्यात आयोली, म्हणजे लसूण आणि ऑलिव्ह तेल घोटून केलेली दाट चटणी, मिसळून तो दाट करतात आणि हा स्निग्धपणा रूसानच्या भरीव पोताला पेलतो. हलक्या, आंबटसर व्हाइट वाइनचा इथे चोथा होईल. नीम शहराकडचा ब्राँदाद, म्हणजे खारवलेला कॉड मासा ऑलिव्ह तेलात घोटून केलेला मऊ लगदा, हाही त्याच कारणाने जमतो. मुरलेल्या रूसानबरोबर मात्र मी मासा टाळतो. तिला सायीत शिजवलेली कोंबडी, भाजलेले लॉब्स्टर किंवा वर सांगितलेली ट्रफलची भुर्जी द्यावी. भुर्जीच्या बाबतीत रेड की व्हाइट असा वाद झाला, तर माझे मत निःसंशय व्हाइटला आहे.

मराठी स्वयंपाकाबद्दल विचारणारे वाचक असतातच, म्हणून तेही लिहितो. या वाइनमध्ये अल्कोहोलचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास असते आणि अल्कोहोल मिरचीची आग वाढवते. त्यामुळे कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर ही रेड उघडणे म्हणजे दोघांचेही नुकसान आहे. व्हाइटची अडचण वेगळी आहे. तिच्यात आम्लता मुळात कमी, तेव्हा कोकम किंवा चिंच घातलेल्या कालवणापुढे ती बेचव, पाणचट लागते. मात्र ओल्या काजूची उसळ, नारळाचे दूध घालून आणि मिरची आवरून केलेली, रूसानच्या बदामी चवीला अशी काही बिलगते, की ही जोडी प्रोव्हाँसच्या एखाद्या स्वयंपाक्याला खिलवावीशी वाटते.

चीजच्या बाबतीत रेडचा हट्ट नको. तिथल्या बकरीच्या दुधाच्या बानों आणि पिकोदों या दोन्ही प्रकारांना व्हाइटच बरी. तापमानही सांभाळावे लागते. रेड १६ ते १८ अंशांवर ठेवावी, म्हणजे मुंबईच्या हवेत फ्रीजमध्ये थोडा वेळ घालावीच लागते. व्हाइट १२ अंशांच्या आसपास असावी, बर्फात गारठवू नये, कारण फार थंड झाली की रूसानचा वास मुका होतो. तरुण रेड जेवणाच्या तासभर आधी रुंद भांड्यात ओतून ठेवावी, जुनी मात्र आयत्या वेळी आणि हलक्या हाताने ओतावी, कारण तिच्या तळाशी गाळ असतो.

या बाटल्या महाग आहेत आणि आपल्याकडच्या करांमुळे त्या आणखी महाग पडतात, हे मान्यच आहे. ज्यांना त्या परवडत नाहीत, त्यांच्यासाठी पेरँ कुटुंबाचीच कुदुले द बोकास्तेल ही वाइन आहे. तिची बाग मोटारींच्या हमरस्त्यापलीकडे, शातोनफच्या सीमेबाहेर पडते, म्हणून तिला कोत-द्यु-रोन हे रोन खोऱ्यातल्या वाइनचे सर्वसाधारण नाव तेवढे लावता येते आणि किंमतही बरीच उतरते. मूर्वेद्रचा हात तिच्यातही भक्कम आहे. तिला वर्षानुवर्षे थांबवू नये. रविवारी दुपारी, सुक्या मटणात खोबरे आणि मिरी जास्त, मिरची कमी घातली, तर ती त्या दुपारीच संपवावी.