आईला घेऊन मेकाँगवर

येत्या जानेवारीत आईला घेऊन लाओसला जाते आहे. उत्तर थायलंडमधून पूल ओलांडायचा, हुआय सायला बोटीत बसायचं, मेकाँग नदीवरून दोन दिवसांत लुआंग प्रबांगला उतरायचं आणि तिथून सायाबुरीला हत्तींकडे. टूर कंपनी नाही, सगळं आमचं आम्ही. मी हा प्रवास पूर्वी एकटीने केलेला आहे. पण सोबत गुडघे दुखणारी आई असली की तोच प्रवास नव्याने आखावा लागतो. पायऱ्या किती, शौचालय कुठे, बसायला पाठ टेकता येते का, हे आधी.

जानेवारी मुद्दाम निवडला. मार्च-एप्रिलमध्ये तिकडे डोंगरउतारावरची शेतं जाळतात, धुराने पलीकडचा काठ दिसत नाही, आणि पाणीही खूप उतरलेलं असतं. पावसाळ्यात नदी गढूळ, फुगलेली, वरून ओंडके वाहत येतात. जानेवारीत हवा स्वच्छ असते. सकाळी मात्र दाट धुकं आणि बोचरी थंडी. बोट दोन्ही बाजूंनी उघडी, त्यामुळे आईसाठी स्वेटर, शाल, कानटोपी हाताशी ठेवायची, बॅगेच्या तळाशी नाही.

थायलंडमधल्या च्यांग रायहून नदीकाठच्या च्यांग खोंगपर्यंत बस आहे. पूर्वी तिथून होडीने पलीकडे जायचे. डिसेंबर २०१३ मध्ये पूल झाला. पुलावरून चालत जाता येत नाही, शटल बस घ्यावी लागते. थायलंडमध्ये गाड्या डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून, म्हणून तिथे रस्त्याची बाजूच बदलते. आईला हे बघायला आवडेल. व्हिसा पलीकडे पोचल्यावर मिळतो. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी, फोटो हवेत आणि डॉलरच्या कोऱ्या, न चुरगळलेल्या नोटा हव्यात. त्याच दिवशी बोट गाठायची धावपळ मी करणार नाही. रात्र हुआय सायला काढू, सकाळी आरामात धक्क्यावर जाऊ. तिकीट धक्क्यावरच्या खिडकीवर मिळतं, एजंटची गरज नाही.

बोट म्हणजे लांबलचक, अरुंद, लाकडी. आत जुन्या गाड्यांमधून काढलेल्या सीट रांगेने मांडलेल्या असतात. चपला काढून पिशवीत घ्यायच्या. इंजिन मागे, आणि त्याचा आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं; म्हणून लवकर जाऊन पुढच्या अर्ध्या भागात जागा धरायची. शौचालय मागे, इंजिनाजवळ. म्हणजे पुढे बसलं की आईला चालत्या बोटीत लांब जावं लागणार. मी मधल्या रांगा धरायच्या ठरवल्यात, वाटेच्या कडेची सीट आईला. खरी कसोटी मात्र चढण्या-उतरण्याची. कोरड्या दिवसांत पाणी खाली गेलेलं असतं, काठ उंच होतो, आणि रात्रीच्या मुक्कामाला, पाकबेंगला, अरुंद फळीवरून काठावर येऊन मग वर चढायचं असतं. तिथली पोरं सामान उचलायला पुढे येतात. सुटे किप, म्हणजे लाओसचे पैसे, खिशात ठेवायचे आणि दोन्ही बॅगा त्यांना देऊन टाकायच्या, म्हणजे माझे दोन्ही हात आईसाठी मोकळे.

पाकबेंग हे मुक्कामाचं गाव, साधारण अर्ध्या वाटेवर. खोली आगाऊ ठेवणार आहे, धक्क्यापासून जवळची. एटीएमच्या भरवशावर तिथे राहायचं नाही. दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा बोट बदलते, म्हणून बोटीत काही ठेवून जायचं नाही. आणि सहा तासांत पोचवणाऱ्या स्पीडबोटीचा विचारही नको. खडक, भोवरे, डोक्यावर हेल्मेट. नदी बघायला निघालेल्या माणसाने ते का करावं?

घाई आहे ती वेगळ्याच गोष्टीची. लुआंग प्रबांगच्या खाली सायाबुरीचं धरण २०१९ पासून चालू आहे. आता शहराच्या वरच्या अंगाला, साधारण २५ किलोमीटरवर, आणखी एक धरण बांधलं जातंय, आणि पाकबेंगजवळही एक ठरलेलं आहे. वाहती मेकाँग, तिचे वाळूचे पट्टे, खडकांना बांधलेल्या बांबूच्या काठ्यांवरची मासेमारीची जाळी, हे सगळं धरणाच्या साठलेल्या पाण्यात तसंच राहणार नाही. मला ते आईला आत्ता दाखवायचंय. तुम्हीही जाणार असाल, तर बोट सध्या कुठपर्यंत जाते ते निघण्याआधी नक्की विचारून घ्या.

आता हत्ती. बेत सांगितला तेव्हा आई म्हणाली, ‘‘अगं, हत्तीवर बसायचंच नाही, तर एवढं लांब जायचं कशाला?’’ तिच्या मनात अंबारीतला हत्ती. मी तिला हत्तीच्या पाठीचा कणा समजावून सांगितला. मणक्यांची टोकं वर आलेली असतात, त्यांच्यावर स्नायूंची जाड गादी नसते. त्यावर खुर्ची बांधायची, माणसं बसवायची, दिवसभर फेऱ्या मारायच्या, की कातडी सोलवटते, जखमा होतात. शिवाय परक्या माणसाला पाठीवर घेण्याइतका हत्ती मुळात ‘तयार’ कसा करतात, तेही सांगितलं: पिल्लाला आईपासून तोडून, बांधून, मारून. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘‘नको बसायला.’’

सायाबुरीत नाम तियेन तलावाकाठी हत्तींचं संवर्धन केंद्र आहे. तिथले बरेच हत्ती पूर्वी जंगलात लाकूड ओढायचे. तिथे सवारी नाही; माहुतांबरोबर अंतर ठेवून चालायचं आणि बघायचं. मागच्या वेळी एक हत्तीण गवत खात होती. सोंडेने गवताचा पुंजका उपटायची, पुढच्या पायावर दोनदा आपटून मुळांची माती झाडायची, मग तोंडात. माती राहिली की परत आपटायची. दिवसाला दीडेकशे किलो चारा लागतो, म्हणजे जागेपणीचा बहुतेक वेळ हेच काम. पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरणाऱ्या हत्तीला हा वेळ मिळणार कधी?

तिथे कळलेली एक गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. हत्तिणीचं गरोदरपण जवळजवळ २२ महिन्यांचं, त्यानंतर पिल्लाचं दूध. तेवढा काळ मालकाची कमाई बंद. म्हणून बरेच मालक हत्तीण गाभण राहू देत नाहीत, आणि पिल्लं फारच कमी जन्मतात. पैसे हत्तींच्या कुठल्या कॅम्पला द्यायचे, याचा विचार म्हणूनच करायचा. मी विचारते ते असं: हत्ती रात्री कुठे असतात, साखळी किती लांब, दिवसातून किती गट येतात, पर्यटकांना आंघोळ घालू देता का. आंघोळीला ‘हो’ म्हणणारा कॅम्प मी सोडून देते. जानेवारी २०२५ मध्ये थायलंडमध्ये हत्तीला आंघोळ घालताना एका पर्यटक तरुणीचा जीव गेला. लोकांनी टाकलेले फोटोही बारकाईने बघा. मागे कोपऱ्यात खुर्ची दिसली, तर जाऊ नका.

परतीला लुआंग प्रबांगहून रेल्वेने राजधानी विएंतियानला. डिसेंबर २०२१ पासून ही गाडी आहे, दोनेक तासांत पोचवते. तिकिटं थोडेच दिवस आधी खुली होतात आणि भराभर संपतात, त्यामुळे पोचल्या पोचल्या पहिलं काम तेच. स्टेशन गावाबाहेर आहे, आणि तपासणीत चाकू, स्प्रेचे डबे काढून घेतात. आईच्या गुडघ्यांसाठी स्प्रेऐवजी मलम न्यायचं, हे आजच यादीत लिहिलंय.