पासिंगला अडकलेले मागचे ब्रेक

माझ्या मालवाहू व्हॅनचे योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते, यंदा ब्रेकच्या मोजमापाच्या एका छापील पानासाठी अडकून पडले. ते पान तपासणी केंद्रातल्या संगणकात पहिल्या दिवसापासून तयार होते, आणि ते वेळेवर हातात पडले असते तर गाडीचा खरा दोष त्याच आठवड्यात सापडला असता. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. परंतु त्या ओघात व्हॅनच्या ब्रेकविषयी जे समजले, ते घाटरस्त्याने माल नेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे असे वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. केंद्राचे आणि गॅरेजचे नाव मी लिहिणार नाही.

मी कराडहून कुंभार्ली घाटमार्गे चिपळूणला भाजीपाला पोहोचवतो. जाताना गाडी भरलेली असते आणि येताना बहुतेक वेळा रिकामी असते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे. गाडी मी जुनी विकत घेतली. तिचे वय आठ वर्षांहून अधिक असल्यामुळे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तिचे पासिंग दरवर्षी करावे लागते. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला ते दोन वर्षांचे मिळते. ज्यांना हे केवळ कागदी काम वाटते त्यांनी मोटार वाहन अधिनियमाचे कलम 56 वाचावे. वैध योग्यता प्रमाणपत्र नसेल तर व्यावसायिक वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही, आणि अशा अवस्थेत अपघात झाला तर विमा कंपनीशी बोलताना आपली बाजू किती लंगडी पडते याची कल्पना करता येईल.

अर्ज, शुल्क, तारीख मिळणे, विमा, पीयूसी, कर या सगळ्यात काहीही अडचण आली नाही. आमच्या गाडीचे भरलेले एकूण वजन 3000 किलोच्या आत असल्यामुळे मालवाहतुकीच्या परवान्याचा (परमिटचा) प्रश्नही नव्हता. ताशी 80 किलोमीटरवर बांधलेला स्पीड गव्हर्नर चालू होता आणि रेडियम पट्ट्या नव्या लावलेल्या होत्या.

जुन्या मालकाच्या काळात हीच गाडी मोकळ्या धावपट्टीवर ब्रेक दाबून तपासली गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये परिवहन कार्यालयांना 250 मीटर लांबीचा ब्रेक चाचणी मार्ग असलाच पाहिजे असे बजावले, त्यामुळे निदान नजरेने का होईना, पण गाडी पळवून ब्रेक पाहण्याची पद्धत रुळली. तरीही धावपट्टीवर गाडी थांबली की नाही एवढेच दिसते, कोणत्या चाकाने किती काम केले ते दिसत नाही. यंदा मात्र गाडी स्वयंचलित केंद्रात रोलरवर चढली. तिथे पुढची दोन चाके आणि मग मागची दोन चाके फिरत्या रोलरवर ठेवतात, ब्रेक दाबायला लावतात आणि प्रत्येक चाकाचे ब्रेकबळ वेगवेगळे मोजतात. हँडब्रेकचे मापही स्वतंत्र घेतात. ही पद्धत धावपट्टीपेक्षा शतपटीने चांगली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी तक्रार मोजमापाविषयी नसून, मोजलेले आकडे गाडीच्या मालकाला न दाखवण्याविषयी आहे.

निकाल आला तो असा: ब्रेक, अपात्र. बाकी सर्व पात्र. मी खिडकीवर जाऊन विचारले की कोणते ब्रेक, पुढचे की मागचे, डावे की उजवे. खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी सांगितले की निकाल ऑनलाइन दिसतो. ऑनलाइन पाहिले तर तिथेही तेच दोन शब्द होते. पुन्हा विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "ब्रेकचे काम करून घ्या, फेरतपासणीची तारीख घ्या, आकडे घेऊन तुम्ही काय करणार?"

हा प्रश्न मला अजूनही टोचतो. डॉक्टरांनी रक्ताच्या अहवालातील आकडे स्वतःजवळ ठेवावेत आणि रुग्णाला केवळ "आजारी" असे लिहून द्यावे, तसा हा प्रकार होता. आकडे घेऊन मी मिस्त्रीकडे जाणार होतो, दुसरे काय करणार होतो? आकड्यांशिवाय गेल्यामुळे आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी जे सर्वसाधारणपणे करतात ते सर्व केले. पुढचे डिस्क पॅड बदलले, मागचे ड्रम उघडून ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारे तुकडे) नवे टाकले, ते शू दाबणारे व्हील सिलिंडर बदलले, ब्रेक ऑइल नवे भरून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली. काम चोख होते, खर्चही तसाच होता. फेरतपासणीचे शुल्क भरून, धंद्याचा आणखी एक दिवस बुडवून गाडी पुन्हा रोलरवर नेली, आणि पुन्हा तेच: ब्रेक, अपात्र.

मी पुन्हा खिडकीवर गेलो. या वेळी मला सांगण्यात आले की अहवालाची प्रत देण्याची पद्धत नाही. पद्धत नाही म्हणजे नियम नाही का, असे विचारल्यावर साहेबांना भेटा असे उत्तर आले, आणि साहेब कुठे आहेत याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. दरम्यान फाटकाबाहेर उभे असलेले एक एजंट दोनदा जवळ येऊन "दादा, गाडी आत घालायची गरज नाही, काम होऊन जाईल" असे सांगून गेले. त्या क्षणी मी थकलो होतो, गाडी उभी होती, चिपळूणचे व्यापारी फोन करत होते. तरीही मी त्यांना स्पष्ट नाही म्हटले, आणि त्याचा मला अभिमान आहे. ब्रेक कमी आहेत असे यंत्र दोनदा सांगत असताना कागद मिळवून मी ती गाडी कुंभार्लीतून खाली उतरवणार होतो का? शिवाय त्या घाटात माझ्या पुढे आणि मागे इतरांच्याही गाड्या असतात.

अखेरीस मी तिथेच बसून साध्या कागदावर अर्ज लिहिला. वाहन क्रमांक, अर्ज क्रमांक, दोन्ही तपासण्यांच्या तारखा लिहून, प्रत्येक चाकाचे ब्रेकबळ आणि हँडब्रेकचे माप यांची छापील प्रत मिळावी, अन्यथा ती का देता येत नाही हे लेखी कळवावे, एवढीच मागणी केली. खाली माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 याचा उल्लेख केला आणि आवक-जावक विभागात देऊन पोच घेतली. पोच घेणे विसरू नये. अर्जाला वजन पोचेमुळे येते. पोचेचा शिक्का पाहिल्यावर खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांचा सूर बदलला आणि मला आतल्या खोलीत मोटार वाहन निरीक्षकांकडे पाठवण्यात आले.

त्या निरीक्षकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्यांनी अर्ज वाचला, संगणकावर माझ्या गाडीचे पान काढले, छापले आणि माझ्यासमोर ठेवून पेन्सिलीने दोन ओळींखाली रेघ ओढली. पुढच्या चाकांचे बळ उत्तम होते. मागच्या चाकांचे बळ दोन्ही बाजूंनी सारखेच, पण फारच कमी होते. हँडब्रेकचे माप मात्र पूर्ण भरत होते. ते म्हणाले, "हँडब्रेक कोणत्या चाकांवर चालतो? मागच्याच ना? मग शू आणि ड्रम ठीक आहेत. पायाच्या ब्रेकचे प्रेशरच मागे पोहोचत नाही. खाली जाऊन लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह बघा." एवढे सांगायला त्यांना पाच मिनिटेही लागली नाहीत. खिडकीपासून त्यांची खोली हाकेच्या अंतरावर होती, आणि तेवढ्या अंतरासाठी माझे नवे शू, नवे सिलिंडर आणि फेरतपासणीचे शुल्क वाया गेले होते.

आता हा व्हॉल्व्ह काय आहे ते लिहितो. ब्रेक दाबल्यावर गाडीचे वजन पुढच्या चाकांवर झुकते आणि मागची चाके हलकी होतात. व्हॅन रिकामी असेल तर मागे वजन आधीच कमी असते, त्यामुळे पुढच्याइतकेच प्रेशर मागे दिले तर मागची चाके जागच्या जागी थांबून घसरतात आणि गाडीचे शेपूट फिरते. भरलेल्या गाडीत मात्र मागच्या चाकांना भरपूर ब्रेक द्यावाच लागतो. हे जुळवण्यासाठी एबीएस (ब्रेक लागताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या बऱ्याच छोट्या मालवाहू गाड्यांत मागच्या ब्रेक लाइनवर एक व्हॉल्व्ह असतो. तो चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसवलेला असतो आणि त्याचा दांडा मागच्या ॲक्सलला जोडलेला असतो. माल भरला की चॅसी खाली बसते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागे जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी झाली की तो प्रेशर रोखतो. त्याला वजन कळत नाही, केवळ चॅसी आणि ॲक्सल यांच्यातील अंतर कळते.

आमच्या गाडीत नेमकी इथेच गोम होती. जुन्या मालकांनी जड माल वाहण्यासाठी मागच्या कमानीत, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये, प्रत्येक बाजूला एक जादा पाटा घातला होता. त्यामुळे गाडी मागून उंच झाली होती आणि माल भरल्यावरही पुरेशी खाली बसत नव्हती. व्हॉल्व्हच्या दृष्टीने ती सदैव रिकामी, किंबहुना रिकामीपेक्षाही हलकी होती. पुढचे पॅड इतक्या लवकर का झिजत होते आणि भरलेली गाडी उतारावर नाक एवढे का खुपसत होती, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. थांबवण्याचे जवळजवळ सगळे काम पुढची दोन चाके करत होती, आणि लांब उतारावर तापून ब्रेक मऊ पडण्याची पाळीही त्यांच्यावरच आधी आली असती.

पान घेऊन मी आमच्या मिस्त्रींकडे परतलो. त्यांनी व्हॉल्व्हचा दांडा पाहिला आणि सुचवले की तारेने तो वर बांधून टाकू, मागे पूर्ण प्रेशर जाईल, रोलरवर गाडी पास होईल. ही युक्ती अनेक ठिकाणी चालते, आणि ती किती घातक आहे हे मला इथे जोर देऊन सांगायचे आहे. दांडा बांधला की गाडी कायम भरलेली आहे असे व्हॉल्व्ह समजतो. मग पावसात, घाटाच्या वळणावर, रिकाम्या गाडीत जोरात ब्रेक दाबला तर मागची चाके जाम होतात आणि गाडी आडवी होते. माझ्या परतीच्या बहुतेक खेपा रिकाम्या असतात, आणि कुंभार्लीत जून ते सप्टेंबर रस्ता ओलाच असतो. मी त्यांना नम्रपणे नकार दिला आणि कमानपाट्यांचेच काम करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रीकाकांकडे गाडी नेली.

काकांनी जादा पाटे काढले, बुश बदलले, गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापावर दांडा बसवला. दांड्याचा सांधा गंजून जाम झाला होता, तोही मोकळा केला. तिसऱ्यांदा रोलरवर गेल्यावर मागच्या चाकांचे आकडे पडद्यावर चढताना मी स्वतः पाहिले, आणि मला जो आनंद झाला तो प्रमाणपत्र हातात पडतानाही झाला नाही.

काही सूचना आठवतील तशा लिहितो. कमानीचे कोणतेही काम केले, पाटा वाढवला, काढला किंवा बदलला, तर त्याच वेळी या दांड्याचे माप तपासून घ्यावे. बहुतेक ठिकाणी कमानीचे काम एक मिस्त्री करतात आणि ब्रेकचे दुसरे, त्यामुळे व्हॉल्व्ह कोणाच्याच वाट्याला येत नाही. जुनी गाडी घेताना मागे वाकून पाटे मोजावेत आणि तशाच दुसऱ्या गाडीशी ताडून पाहावेत. तपासणीला जाण्यापूर्वी गाडी खालून धुवावी, म्हणजे खड्ड्यातून पाहणाऱ्यांना गळती आणि सांधे स्पष्ट दिसतात. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते आणि ओल धरलेले ऑइल कमी तापमानाला उकळते, म्हणून घाटात चालणाऱ्यांनी ते पावसाळा संपला की वेळापत्रकानुसार बदलावे.

ज्यांच्या व्हॅनमध्ये एबीएस आणि ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेक वाटून देणारी यंत्रणा) आहे, त्यांच्याकडे हा दांडा बहुधा नसेल. चाकांच्या वेगावरून मागचे प्रेशर संगणक ठरवतो. त्यांनी किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा पेटतो आणि मग विझतो का, हे रोज पाहावे. तो पेटतच नसेल तर जुन्या मालकांनी दोष लपवण्यासाठी दिवा काढून टाकला असण्याची शक्यता असते. जादा पाटा अशा गाडीतही घालू नये, कारण रिकामी असताना ताठ कमानीमुळे चाक रस्त्यावरून उडते, आणि जमीन सोडलेल्या चाकाचा ब्रेक गाडी थांबवू शकत नाही.

वेगाचे गणितही सांगून ठेवतो. ताशी 40 ऐवजी 80 वेगाने जाणाऱ्या गाडीला ब्रेक लागल्यावर थांबायला दुप्पट नव्हे, तर चौपट अंतर लागते. ताशी 60 वेगाने पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तरी गाडी सुमारे 17 मीटर पुढे गेलेली असते. म्हणून घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर गाडी धरणे आणि इंजिन कधीही बंद न करणे आवश्यक आहे. इंजिन बंद झाले की बूस्टरचे, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचे, साहाय्य दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर संपते आणि पेडल दगडासारखे कठीण होते.

आणि पासिंगमध्ये ब्रेकवर गाडी अडकली तर एकही नवा भाग घेण्यापूर्वी चाकनिहाय आकड्यांचे पान लेखी मागावे. त्यात हँडब्रेकचे माप चांगले आणि मागच्या पायब्रेकचे माप कमी दिसले, तर शू बदलण्यात पैसे घालवू नयेत, थेट व्हॉल्व्ह आणि कमान पाहावी. दोन्ही मापे कमी असतील तर शू, ड्रम किंवा ॲडजस्टर (शू आणि ड्रममधील अंतर जुळवणारा भाग) यांत दोष शोधावा. डाव्या-उजव्या चाकांत मोठा फरक असेल तर त्या एका चाकाचा सिलिंडर, होज किंवा ऑइलने भिजलेला शू पाहावा.